ईबेवरचा लिलाव : पहिल्यांदा विकणाऱ्यांसाठी एक परीक्षण

ईबेच्या ब्रिटनमधील संकेतस्थळावर घरातली वस्तू दोन रीतींनी विकता येते. एक तर किंमत आपणच ठरवून वस्तू मांडायची आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची, किंवा सुरुवातीची बोली आणि मुदत एवढेच ठरवून वस्तू लिलावाला काढायची आणि किंमत बोलीदारांवर सोपवायची. हे परीक्षण दुसऱ्या रीतीचे आहे. गेली काही वर्षे आमच्या घरातून निघालेली मुलांची खेळणी, जुनी भांडी, कॅमेऱ्याची भिंगे आणि पुस्तके मी याच मार्गाने विकत आले आहे. इथले मराठी ओळखीचे लोक पहिली वस्तू मांडण्यापूर्वी जे प्रश्न विचारतात, ते जवळजवळ सारखेच असतात : सुरुवात किती पौंडांपासून करावी, टपालखर्च कोणी द्यायचा, फसवणूक होते का, कर भरावा लागतो का. त्या सगळ्यांचा विचार पुढे केला आहे, परंतु माझे मत आधीच नोंदवते. ज्या वस्तूची नेमकी किंमत आपल्याला ठाऊक नाही, पण जी हवी असणारी किमान दोन माणसे नक्की आहेत, अशा वस्तूसाठी ईबेचा लिलाव उत्तम आहे. बाकी बहुतेक वस्तूंसाठी तो विक्रेत्याच्या तोट्याचा ठरतो.

दोन माणसे का, हे समजण्यासाठी बोली कशी चढते ते पाहावे लागते. ईबेवर बोलीदार आपली कमाल रक्कम एकदाच भरतो, ती कोणालाही दिसत नाही, आणि त्याच्या वतीने यंत्रणा आवश्यक तेवढीच बोली वाढवत राहते. समजा एका बोलीदाराने ७० पौंड भरले आणि दुसऱ्याने ४२, तर वस्तू पहिल्याला मिळते, पण ७० पौंडांना नव्हे. १५ ते ६० पौंडांच्या टप्प्यात बोली एकेका पौंडाने चढत असल्यामुळे ती ४३ पौंडांना जाते. म्हणजे विक्रेत्याच्या हातात काय पडणार, हे सर्वांत उत्सुक गिऱ्हाइकावर अवलंबून नसून त्याच्या पाठोपाठच्या गिऱ्हाइकावर अवलंबून असते. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरणाऱ्या लिलावाची मीमांसा विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ सालीच केली होती, आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नवख्या विक्रेत्याला त्यातले गणित कळण्याची गरज नाही, पण निष्कर्ष मनात पक्का असावा : पहिला बोलीदार २०० पौंड द्यायला तयार असला आणि दुसरा कोणी आलाच नाही, तर वस्तू सुरुवातीच्या बोलीला जाईल. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीभोवती किती व्यापारी उभे राहिले यावर भाव ठरतो, तसेच हे आहे. माल तोच, पण भोवती माणसे नसतील तर तो मातीमोल जातो.

ईबेचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियात हे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा त्याचे नावच ‘ऑक्शनवेब’ होते, आणि सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ सगळा व्यवहार लिलावानेच होत असे. आज तिथला बहुतांश माल ठरलेल्या किमतीला विकला जातो. सर्वसाधारण वस्तूंची किंमत आता कोणालाही क्षणात शोधून काढता येते, आणि आठवडाभर थांबून बोली लावण्याचे कष्ट त्यासाठी कोणी घेत नाही. लिलाव टिकून आहे तो संग्राहकांच्या वस्तूंत, उत्पादन थांबलेल्या वस्तूंत, आणि जिची अवस्था प्रत्येक नगाला वेगळी असते अशा जुन्या मालात.

म्हणून पहिला निर्णय वस्तूच्या निवडीचा असतो. वर्षभर वापरलेला मोबाइल फोन लिलावाला काढू नये, कारण त्याची किंमत बाजारात ठरलेली आहे आणि लिलावात ती वर जाण्याऐवजी खाली येण्याचीच शक्यता अधिक असते. नव्या कादंबऱ्या, कपडे, चालू स्थितीतली साधी उपकरणे यांचेही तसेच. याउलट, इंग्लंडमधल्या घरांत सर्रास सापडणारी डेन्बीची भांडी पाहा. डर्बीशायरमधल्या या कारखान्यात १९६० च्या दशकात जिल पेम्बर्टन यांनी केलेली ‘अराबेस्क’सारखी नक्षी कधीच बंद झाली, पण तो संच असलेली घरे अजून आहेत, आणि त्यातली एखादी किटली किंवा बशी फुटली की नेमकी तीच वस्तू हवी असते. असे गिऱ्हाईक दुसऱ्या नक्षीवर समाधान मानत नाही. लिव्हरपूलमध्ये १९३८ पासून १९६४ पर्यंत बनलेल्या हॉर्नबी डब्लो आगगाड्या, उत्पादन थांबलेले लेगोचे संच, जुनी हाताने जुळवायची भिंगे, पहिल्या आवृत्तीच्या ध्वनिमुद्रिका, पार्करची जुनी शाईची पेने हे सगळे याच वर्गातले. यांतल्या प्रत्येक वस्तूमागे ती नावाने शोधणारी माणसे आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी ईबेवर शोध जपून ठेवतात. आपण वस्तू मांडली की त्यांना सूचना जाते. ही या सेवेची खरी ताकद आहे, आणि एवढा विखुरलेला, एवढा जाणकार गिऱ्हाईकवर्ग एकाच जागी आणणारे दुसरे ठिकाण मला तरी आढळलेले नाही.

किंमत किती येईल याचा अंदाज घेण्यासाठी ईबेनेच एक उत्कृष्ट साधन फुकट ठेवले आहे, आणि नवखे लोक नेमके तेच वापरत नाहीत. शोधाच्या गाळण्यांमध्ये ‘सोल्ड आयटम्स’ असा पर्याय आहे. तो निवडला की गेल्या सुमारे तीन महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तू आणि त्यांच्या रकमा दिसतात. मांडलेल्या वस्तूंच्या किमती पाहून आपली किंमत ठरवणे निरर्थक आहे, कारण कोणीही कितीही मागू शकतो आणि वर्षभर न विकलेली वस्तूही त्या यादीत दिसत राहते. विक्रेत्यांसाठीच्या ‘सेलर हब’मध्ये ‘टेरापीक’ नावाची सोय असून तिच्यात याहून बरेच मागचे व्यवहारही शोधता येतात. हे आकडे पाहताना तीन गोष्टींचे भान ठेवावे. विकल्या गेलेल्या वस्तूची अवस्था आपल्या वस्तूसारखी होती का, हे छायाचित्रे उघडून तपासावे. एकाच मोठ्या व्यवहाराने हुरळून जाऊ नये. त्या दिवशी दोन हट्टी बोलीदार समोरासमोर आले असतील. आणि किती बोली लागल्या तो आकडा आवर्जून पाहावा. दहा-बारा बोली लागून वस्तू गेली असेल तर लिलाव योग्य आहे. एकेका बोलीवरच वस्तू जात असतील, तर ठरलेली किंमत लावून तिच्यासोबत ‘बेस्ट ऑफर’ म्हणजे घासाघीस करण्याची मुभा ठेवणे अधिक शहाणपणाचे.

सुरुवातीच्या बोलीबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे, की ९९ पेन्सपासून सुरुवात करावी, कारण स्वस्त दिसणाऱ्या वस्तूकडे माणसे वळतात, बोली लवकर लागते आणि एकदा बोली लावलेला माणूस त्या वस्तूत गुंततो. यात तथ्य आहे, पण ते फक्त मागणी पक्की असलेल्या वस्तूपुरते. जिच्याविषयी शंका आहे, ती वस्तू ९९ पेन्सला काढणे म्हणजे ती ९९ पेन्सला देण्याची तयारी ठेवणे होय, आणि बोली लागल्यावर ‘एवढ्यात परवडत नाही’ म्हणून माघार घेणे नियमालाही धरून नाही आणि सभ्यतेलाही. माझा सल्ला साधा आहे : यापेक्षा कमी मिळाले तर वस्तू घरात राहिलेली बरी, असे जिथे वाटेल तो आकडा सुरुवातीची बोली म्हणून लावावा. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू द्यायची नाही असा बोलीदारांना न दिसणारा आकडा, ठेवण्याची सोय आहे, पण ती मला पसंत नाही, कारण बोली लावूनही ‘राखीव किंमत गाठलेली नाही’ असे दिसले की नवे बोलीदार मागे फिरतात.

मुदत एक, तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांची ठेवता येते. सात दिवसांत एक शनिवार-रविवार नक्की येतो, आणि दहा दिवसांत नीट जुळवले तर दोन. लिलाव ज्या वेळी सुरू होतो, त्याच वेळी तो संपतो, म्हणून मंगळवारी सकाळी सहज फुरसत मिळाली म्हणून सात दिवसांसाठी वस्तू मांडली, तर शेवटची मिनिटे मंगळवारी सकाळी कामाच्या गर्दीत येतील. रविवारी संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान शेवट यावा असे पाहावे. बँक हॉलिडेचा शनिवार-रविवार आणि कडक उन्हाचे दिवस टाळावेत, कारण इंग्लंडमध्ये ऊन पडले की घरात कोणी थांबत नाही.

शेवटच्या वेळेला एवढे महत्त्व असण्याचे कारण ईबेच्या नियमात आहे. इथला लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो. शेवटच्या क्षणी बोली आली तरी मुदत वाढत नाही. एकेकाळी ॲमेझॉनवरही लिलाव होत असत आणि तिथे उशिरा बोली आली की वेळ वाढत असे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी या दोन्हींची तुलना करून दाखवले, की ठरल्या सेकंदाला संपणाऱ्या लिलावात शेवटच्या क्षणाला बोली लावण्याची प्रवृत्ती कितीतरी अधिक असते. विक्रेत्यासाठी याचा अर्थ असा, की सहाव्या दिवशी बोली ११ पौंडांवर अडकलेली दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. वस्तूवर ‘लक्ष ठेवून’ असलेल्यांची संख्या दिसते, तीच अधिक बोलकी असते. मात्र हा नियम बदलावा असे मला मनापासून वाटते. प्रत्यक्ष लिलावगृहात हातोडा पडण्यापूर्वी प्रत्येकाला विचारले जाते. इथे चार सेकंद उरले असताना आलेल्या बोलीला उत्तर द्यायला दुसऱ्याला वेळच मिळत नाही, आणि त्याची झळ विक्रेत्याला बसते.

याच काळात एक वेगळा प्रकार घडतो, ज्याविषयी प्रत्येक नवख्याला सावध करणे आवश्यक आहे. लिलाव सुरू होताच एखाद्याचा निरोप येतो : ‘लिलाव आत्ताच थांबवा, मी तुम्हाला अमुक इतके पौंड देतो.’ ही रक्कम आपल्या अपेक्षेपेक्षा मोठी असली की मोह होतो. परंतु जाणकार माणूस घाईने मोठी रक्कम देऊ करत असेल, तर वस्तू त्याहून अधिक मोलाची आहे हेच त्यातून कळते. आभार मानून ‘लिलाव पूर्ण होऊ द्यावा असे मी ठरवले आहे’ असे कळवावे, आणि पुन्हा एकदा विकलेल्या वस्तूंची यादी नीट पाहावी.

आता ज्या भागात विक्रेत्याचे कष्ट खरोखर फळतात, त्याकडे येते. शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती जवळजवळ पूर्ण वापरावी. त्यात ‘सुंदर’, ‘दुर्मिळ’, ‘अप्रतिम’ असे शब्द नकोत. कोणीही ते शोधत नाही. कारखान्याचे नाव, नक्षीचे किंवा मॉडेलचे नाव, क्रमांक, आकार, काळ आणि अवस्था एवढे आले की शीर्षक पूर्ण झाले. भांड्याच्या तळाशी, भिंगाच्या कडेला, खेळण्याच्या पोटाखाली कोरलेले किंवा छापलेले जे काही असेल ते अक्षरशः उतरवून घ्यावे. नक्षीचे नाव माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नये. तळाच्या शिक्क्याचे छायाचित्र घेऊन शोध घेतला, तर बहुधा ते सापडते, आणि त्या अर्ध्या तासाची किंमत अखेरच्या बोलीत दिसते.

छायाचित्रे २४ पर्यंत लावता येतात. पहिले चित्र पूर्ण वस्तूचे, साध्या पार्श्वभूमीवर आणि खिडकीतल्या उजेडात काढलेले असावे. फ्लॅश वापरला की झिलईवर पांढरा ठिपका पडतो आणि खरा रंग कळत नाही. त्यानंतर प्रत्येक बाजू, तळ, झाकणाची आतली बाजू, आणि मग दोष. दोषांची चित्रे जवळून आणि निःसंकोचपणे काढावीत. कडेचा टवका, केसाएवढी चीर, खोक्याचा फाटलेला कोपरा, भिंगातली बुरशी हे सगळे चित्रातही असावे आणि वर्णनातही लिहावे. हे केवळ प्रामाणिकपणासाठी सांगत नाही, तसा तो हवाच. जाणकार संग्राहकाला दोष असलेली वस्तूही चालते, पण न सांगितलेला दोष चालत नाही. आणि ज्या वर्णनात दोष स्पष्ट लिहिलेले असतात, त्यातल्या बाकीच्या विधानांवर तो विश्वास ठेवतो व मोठी बोली लावतो. ‘फोटोत दिसते तसे’ एवढ्या एका ओळीवर भागवणारा विक्रेता आपल्याच वस्तूचा भाव पाडत असतो. उपकरण असेल तर ते आपण काय काय तपासले आणि काय तपासता आले नाही, तेही लिहावे. पहिली बोली लागल्यावर मजकुरात मनासारखे फेरफार करता येत नाहीत, म्हणून मांडण्यापूर्वीच तो मोठ्याने एकदा वाचून पाहावा.

पाठवणीकडे नवखे लोक सर्वांत शेवटी बघतात, आणि तिथेच नफा गळतो. वस्तू मांडण्याआधीच ती गुंडाळून, खोक्यात घालून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ठेवावी. रॉयल मेलच्या हिशेबात २ किलोपर्यंतचे आणि ४५ बाय ३५ बाय १६ सेंटिमीटरच्या आतले पुडके ‘स्मॉल पार्सल’ समजले जाते. अडीच सेंटिमीटरपेक्षा पातळ आणि ७५० ग्रॅमच्या आतली वस्तू ‘लार्ज लेटर’मध्ये बसते. खोके एका सेंटिमीटरने मोठे निघाले तरी दर वरच्या टप्प्यात जातो. मातीची भांडी पाठवताना एका खोक्यात दुसरे खोके आणि मध्ये सर्व बाजूंनी भरण ठेवावे, झाकण वेगळे गुंडाळावे, आणि खोके हलवून आत काही हलत नाही याची खात्री करावी. काच आणि चिनी माती यांच्या मोडतोडीला भरपाई न देणाऱ्या पाठवणी सेवा पुष्कळ आहेत, म्हणून अटी आधी वाचाव्यात. २०२५ पासून ईबेने खासगी विक्रेत्यांसाठी बऱ्याच वर्गांत ‘सिंपल डिलिव्हरी’ ही व्यवस्था आणली असून तिच्यात पाठवणीचा खर्च खरेदीदाराकडून परस्पर घेतला जातो आणि विक्रेत्याला लेबल किंवा क्यूआर कोड मिळतो. नवख्यासाठी ती सोयीची आहे, पण वजन आणि मापे मात्र त्यालाच अचूक भरावी लागतात. कोणत्याही मार्गाने पाठवले तरी पोचपावती जपून ठेवावी.

शुल्काच्या बाबतीत ब्रिटनमधल्या खासगी विक्रेत्याची स्थिती आता पूर्वीपेक्षा पुष्कळच चांगली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, मोटारींसारखे काही वर्ग सोडता, खासगी विक्रेत्याकडून विक्रीवर शुल्क घेतले जात नाही. त्याची भरपाई ईबेने फेब्रुवारी २०२५ पासून खरेदीदाराकडून ‘बायर प्रोटेक्शन फी’ घेऊन केली. ती रक्कम खरेदीदाराला दिसणाऱ्या किमतीत मिसळलेली असते, त्यामुळे त्याला दिसणारा आकडा आणि विक्रेत्याला मिळणारा आकडा यांत फरक पडतो. ‘शुल्क नाही’ हे खरे असले, तरी गिऱ्हाइकाच्या खिशातून एकूण जेवढे जायचे तेवढेच जाते, आणि त्यातला काही भाग आता वेगळ्या नावाने वळता होतो, हे विक्रेत्याने हिशेबात धरावे. पैसेही विक्री होताच हाती येत नाहीत. खासगी विक्रेत्याला ते वस्तू पोचल्यावर मिळतात. महिनाअखेरच्या गरजेसाठी घाईने काही विकायचे असेल, तर हा मार्ग त्यासाठी नाही.

वाद झाल्यास ईबेचा कल खरेदीदाराकडे असतो, हे स्पष्टच सांगायला हवे. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार करायला त्याला साधारण ३० दिवस मिळतात, आणि विक्रेत्याने ‘परत घेणार नाही’ असे लिहिले असले तरी अशा तक्रारीत वस्तू परत घ्यावी लागते, तीही परतीचा खर्च सोसून. शिवाय २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी प्रतिकूल अभिप्राय देता येत नाही. अनोळखी माणसाकडून न पाहता वस्तू घेणाऱ्याला संरक्षण हवेच, हे मला मान्य आहे. त्या संरक्षणामुळेच तो निर्धास्तपणे बोली लावतो. परंतु जिंकूनही पैसे न देणाऱ्या बोलीदाराबाबत ईबेचे धोरण फार सौम्य आहे. चार दिवस वाट पाहून व्यवहार रद्द करता येतो आणि मागच्या बोलीदाराला ‘सेकंड चान्स ऑफर’ देता येते, पण तोवर त्याचा उत्साह ओसरलेला असतो आणि वस्तू पुन्हा मांडली की ‘हिच्यात काही खोट असावी’ असा संशय येतो. लिलाव या पद्धतीचा कणाच बोलीची बांधिलकी हा आहे, आणि तो इथे कमजोर आहे.

फसवणुकीबद्दल फार विस्ताराने लिहिण्याची गरज नाही, कारण तिच्या तऱ्हा मोजक्या आहेत. ईबेबाहेर, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर बोलू या, असे सुचवणाऱ्याशी व्यवहार करू नये. ‘पैसे जमा झाले’ असा ईमेल आला तरी खात्यात स्वतः शिरून पाहिल्याशिवाय वस्तू पाठवू नये. पत्ता नंतर बदलून मागितला तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. वस्तू न्यायला माणूस घरी येणार असेल, तर ईबे त्याला देत असलेला कोड घेऊनच ती सोपवावी. महाग वस्तूवरचा क्रमांक आणि पाठवण्याआधीच्या खोक्याचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे परत आलेली वस्तू आपलीच आहे का ते कळते. आणि उलट बाजूने, मित्राला किंवा नातेवाइकाला आपल्या वस्तूवर बोली चढवायला सांगणे हा थट्टेचा विषय नाही. २०१० मध्ये स्वतःच्याच वस्तूंवर बोली लावणाऱ्या एका विक्रेत्याला इंग्लंडमधल्या न्यायालयाने शिक्षा केली आहे.

कराची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त पसरली आहे. जानेवारी २०२४ पासून अशा संकेतस्थळांना वर्षाला ३० किंवा अधिक वस्तू विकणाऱ्यांची, किंवा सुमारे १,७०० पौंडांहून अधिक रक्कम मिळवणाऱ्यांची माहिती एचएमआरसी या ब्रिटनच्या कर खात्याला कळवावी लागते, आणि त्यासाठी नॅशनल इन्शुरन्स क्रमांक मागितला जातो. माहिती कळवली म्हणजे कर लागला असे नव्हे. घरातल्या जुन्या वापरलेल्या वस्तू काढून टाकणे हा व्यापार समजला जात नाही. विकण्यासाठीच वस्तू विकत घेऊ लागल्यावर तो व्यापार होतो, आणि त्यातही वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या उलाढालीला सूट आहे. एखादीच वस्तू ६,००० पौंडांहून अधिक किमतीला गेली, तर भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. तेवढी मोलाची वस्तू ईबेपेक्षा एखाद्या लिलावगृहाच्या जाणकाराला दाखवावी. अशा पुष्कळ लिलावगृहांचे लिलाव आता ‘द सेलरूम’सारख्या संकेतस्थळांवरून घरबसल्याही होतात. कमिशन जाते, पण वस्तू ओळखणारा माणूस आपल्या बाजूने उभा असतो.

शेवटी महाराष्ट्रातून येणाऱ्या वस्तूंविषयी. पुण्या-साताऱ्याकडून ‘आजोबांची जुनी नाणी तिकडे नेऊन ईबेवर विका, पौंडांत पैसे येतील’ असा आग्रह इथल्या अनेकांना होतो. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपत्ती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, धातूकाम, चित्रे अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. शिवराई, पेशवाईतला रुपया, शतकापूर्वीची समई, मोडी बखरीची पोथी यांतले काहीही बॅगेत घालून आणणे हा गुन्हा आहे. हस्तिदंताची डबी तर इकडेही विकता येत नाही : ईबेने हस्तिदंतावर २००९ पासून बंदी घातली आहे, आणि ब्रिटनचा हस्तिदंतविषयक कायदा जून २०२२ पासून लागू आहे. भारतात राहून ही सेवा घरगुती विक्रीसाठी वापरण्याचा मार्गही उरलेला नाही; २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन आलेली ईबे इंडिया २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. आता तिथला विक्रेता ईबेवर येतो तो निर्यातदार म्हणून, त्यासाठी लागणाऱ्या नोंदण्या करून. त्यामुळे घरात जुनी नाणी असतील आणि ती विकायचीच असतील, तर देशातल्या देशात नाण्यांचे लिलाव करणाऱ्या मुंबईतल्या तोडीवाला ऑक्शन्ससारख्या लिलावगृहाकडे ती आधी दाखवावीत, आणि पुरातत्त्व खात्याच्या नियमांची चौकशी त्यांच्याकडेच करून घ्यावी.